वाडा उतरवतोय, त्याच सामानातून शेतावर घर बांधायचंय. सल्ला हवा

मालवीमाती

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. दुमजली. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, वर कवेलू, म्हणजे कौलं. चार चुलत घरांत वाटणी झाली, जागा बिल्डरला जातेय. आमच्या वाट्याला येणाऱ्या पैशात शहरात दोन खोल्यासुद्धा येत नाहीत. पण सामान कुणालाच नकोय. "तू घेऊन जा," म्हणाले सगळे.

खंडवा रोडला सिमरोलच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, आमची सव्वा एकर जमीन आहे. तिथे घर बांधायचं. आई, आम्ही दोघं, दोन मुलं, शिवाय धाकटा भाऊ आणि वहिनी. हातात बारा लाख आहेत. एका आर्किटेक्टकडून १४०० चौरस फुटांचा नकाशा करून घेतला, आरसीसी कॉलम-बीमचा. ठेकेदाराने २६ लाख सांगितले.

वाडा पाडणारा म्हणतो, जेसीबी लावून तीन दिवसांत जागा साफ करतो आणि इमल्याचे वर १ लाख १० हजार देतो. मला ते पटत नाही. माझे प्रश्न: यातलं काय घ्यावं, काय सोडावं? खरोखर पैसे वाचतात का? कुणी केलंय का असं? आईचा जीव त्या घरात आहे हे वेगळं, पण मला हिशेबही बसवायचाय.

सुतारपक्षी

पहिली गोष्ट, जेसीबीला हात लावू देऊ नका. घर पाडणं वेगळं आणि घर उतरवणं वेगळं. पाडलं की मलबा मिळतो, उतरवलं की सामान मिळतं. जसं बांधलं त्याच्या उलट क्रमाने यायचं: आधी कवेलू, मग वासे-रिपा, मग पाट्या, तुळया, दारं-खिडक्या, आणि शेवटी भिंती. प्रत्येक लाकडावर खडूने नंबर घाला आणि फोटो काढून ठेवा. सहा मजूर आणि एक जुना सुतार, वीस दिवसांचं काम आहे.

पोहेजिलेबी

झोपाळ्याच्या कड्या आहेत का? असतील तर त्या कुणालाही देऊ नका, एवढंच सांगायला आले. बाकी जाणकार बोलतील.

हिशेबी_माणूस

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग नसावा.

देवासला सासऱ्यांच्या घरात आम्ही हाच प्रयोग केला. जुन्या सात खिडक्या आणल्या. सातही वेगळ्या मापाच्या. नव्या भिंतीत गाळे एकसारखे सोडलेले. मग सुताराने प्रत्येक चौकटीला पट्ट्या मारल्या, कुठे कापल्या, दोन वाया गेल्या. त्याची मजुरी जोडली तेव्हा तेवढ्यात नव्या खिडक्या आल्या असत्या. जुनं सामान फुकट मिळतं, पण त्याच्यामागे लागणारा माणूस फुकट मिळत नाही. खिळे काढा, विटा सोला, वाहून न्या, रचून ठेवा, राखण करा. आज मजूर काय घेतो ते सगळ्यांना माहीत आहे.

राखेच्या विटा घ्या, वर साधा स्लॅब टाका, चार महिन्यांत घरात राहायला जा. आठवण म्हणून एक दार आणि देवघर न्या. माझं स्पष्ट मत आहे.

सुतारपक्षी

हिशेबी_माणूस, तुमच्या गोष्टीतच उत्तर आहे. भिंत आधी बांधली आणि खिडकी नंतर आणली. जुन्या सामानाचं घर असं होत नाही. खिडकी हातात असेल तर चौकट उभी करून तिच्या भोवती भिंत चढवायची. सात मापं असली तर सात गाळे, बिघडलं काय?

मालवीमाती, तुमचा १४०० फुटांचा नकाशा बाजूला ठेवा. त्या नकाशात तुमच्या एकाही तुळईचा विचार नाही. आधी सामान उतरवा, मोजा, यादी करा. मग ती यादी घेऊन नकाशा काढायला बसा. बारा फुटी तुळई असेल आणि खोली चौदा फुटी काढली तर ती तुळई तुमच्यासाठी सरपण. खोली साडेदहा फुटी काढली तर तीच तुळई आणखी दोन पिढ्या.

आणि बारा फुटी तुळई बारा फूट धरू नका. भिंतीत रुतलेली टोकं ओलीने कुजलेली असतात. दोन्हीकडे टोचा मारून बघा. मऊ लागलं तर फूटभर कापायची तयारी ठेवा.

लष्करवाले_नाना

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे लाकडापेक्षा दगडाचं राज्य. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांना छत म्हणजे पटिया: वाळूच्या दगडाच्या लांब फरश्या, भिंतीवर किंवा गर्डरवर आडव्या टाकलेल्या. वर चुना-रोड्यांचा थर. घर पडलं तरी पटिया मरत नाही. आमच्या जीवाजीगंजातल्या घराच्या अर्ध्या पटिया दुसऱ्या घराच्या आहेत, दुसरं घर तिसऱ्याचं. दगडाला वय नाही.

पटिया उतरवताना एकच काळजी: खाली माणूस नको. आणि केसासारखी बारीक भेग असेल तर ती छतावर नको, जमिनीत घाला. भेग डोळ्याला दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसा. सगळा दगड वाळतो आणि भेग ओली राहते.

स्थापत्य_बाबा

तीस वर्षं साइटवर गेली, त्या आधारावर लिहितो. लांब होईल.

पाया. सिमरोलच्या बाजूला वर काळी माती असणार. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मालव्यात घरांच्या भिंती कोपऱ्यातून तिरप्या तडकतात त्याचं कारण बहुतेक वेळा वरचं बांधकाम नसून ही माती असते. तेव्हा पाया मुरूम लागेपर्यंत न्या. चार फुटांवर लागो नाहीतर सात. फारच खोल असेल तर खाली फुगवटा दिलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात, ते तंत्र रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचं (सीबीआरआय), खास काळ्या मातीसाठी. पायात पैसे वाचवू नका. वाड्याचा काळा दगड मात्र पायात आणि जोत्यात जसाच्या तसा वापरा, त्याच्याहून चांगलं काही मिळणार नाही. जोत्यावर, खिडक्या-दारांच्या वर आणि छपराखाली नव्या सळईचा आरसीसी पट्टा चारी बाजूंनी फिरवा.

सळई. वाड्यात मागाहून बांधलेलं संडास-बाथरूम असेल, त्याच्या स्लॅबची सळई निघेल. ती वापरू नका. एकदा वाकवून सरळ केलेली, गंजलेली सळई ताण घेताना तुटते. तिचं कुंपण करा, वेलीचा मांडव करा, छतात नको.

विटा. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर सोडा. नखाने ओरखडा पडला तर सोडा. मग पाच-सहा विटा पूर्ण वाळवून तोला, चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोला. साध्या विटांसाठी मानक असं की वजन वाढ २० टक्क्यांहून जास्त नको. तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमहून अधिक पाणी प्यायलं तर ती बाहेरच्या भिंतीला नको.

आणि जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या विटा वेगळ्या काढा. तिथे लोणा, म्हणजे क्षार, लागलेला असतो. ते क्षार विटेत बसलेले असतात. नव्या घरात नेलेत की गिलावा फुगून पापुद्रे पडणार. त्या विटांचे रोडे करून फरशीखाली भरा.

पोहेजिलेबी

आईच्या स्वयंपाकघरातला तराजू आज विटांसाठी पळवला. वीट २ किलो ८५०. उद्या या वेळी निकाल सांगते. आमचं घरही लोकमान्य नगरात कधीतरी उतरेलच.

मालवीमाती

सर्वांचे आभार. स्थापत्य_बाबा, मुरमाचं आजच विहीरवाल्याला विचारलं. शेजारच्या शेतात पाच फुटांवर लागला म्हणे.

काही शंका. १. विटांना चिकटलेला चुना काढायला किती त्रास? २. मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, गोठ्याला चालतील का? ३. कवेलू देशी आहेत, अर्धगोल, आणि समोरच्या भागावर मंगलोरी. दोन्ही न्यावेत का?

चुन्याचीडबी

चुन्यावर मी बोलते, माझा जीव की प्राण विषय आहे.

तुमच्या विटा चुन्यातल्या आहेत हे तुमचं नशीब. चुन्याचा सांधा विटेपेक्षा नरम असतो. बसुलीचा (गवंड्याच्या हातोडीचा) एक ठोका दिला की सांधा सुटतो, वीट साबूत. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कडक, म्हणून सिमेंटची भिंत उतरवताना वीट फुटते आणि सांधा राहतो. शंभर वर्षांपूर्वीचं घर परत वापरता येतं आणि तीस वर्षांपूर्वीचं येत नाही, त्याचं निम्मं कारण हे.

म्हणून माझी विनंती आहे की नवी भिंतही चुन्यातच बांधा. कळीचा चुना आणून खड्ड्यात विरवा, वर पाणी राहू द्या, निदान तीन-चार आठवडे. लोण्यासारखा झाला पाहिजे. फुटक्या विटांची सुरखी करा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या विटेची पूड. निव्वळ चुना हवेतून हळूहळू धरतो, सुरखी घातली की ओलीतही धरतो. तुमचा कचरा इथे औषध झाला. चुना विरवताना मुलांना लांब ठेवा, तो उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

गिलाव्यात जुने लोक गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत.

स्थापत्य_बाबा

चुन्याला माझा विरोध नाही, पण चुन्यात बांधणारा मिस्त्री शोधून दाखवा. आणि घाईने चढवलेली चुन्याची भिंत बसते. दिवसाला तीन फुटांच्या वर नाही. नाहीतर मधला मार्ग: सिमेंट एक, चुना एक, वाळू सहा. हा मसाला सांध्यात नरम राहतो आणि वेळेत धरतो.

पत्र्यांबद्दल: जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. कापू नका, भोक पाडू नका, झाडू मारू नका. त्याचे तंतू फुफ्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी बाहेर पडतात, आजार होऊन. काढायचेच तर पाणी मारून, अख्खे, तोंडाला चांगला मास्क लावून. गोठ्यालाही नको, गाईमागे माणूस असतोच.

विश्वामित्रीकाठ

वडोदऱ्याहून नमस्कार. सामान ठेवण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

दांडिया बाजारातलं आजोळचं घर उतरवलं तेव्हा बाबांनी दारं, खिडक्या, तुळया सगळं आमच्या घराच्या तळमजल्यावर आणून ठेवलं. पुढच्या वर्षी बांधू म्हणाले. मग ३१ जुलै २०१९ आला. एका दिवसात अठरा-वीस इंच पाऊस, आणि विश्वामित्री नदीने दार ठोठावलं नाही, सरळ आत आली. तीन दिवस पाणी घरात. पाणी उतरल्यावर पाहिलं तर प्लायची आधुनिक दारं पुस्तकासारखी उलगडली होती. सागवानी दारं चिखलाने माखलेली, पण आम्ही ती धुऊन सावलीत महिनाभर उभी ठेवली आणि आज ती आमच्या घरात लागली आहेत. उन्हात ठेवली असती तर फाटली असती.

तेव्हा: जमिनीपासून फूटभर वर, विटांवर फळ्या टाकून त्यावर रचा. दोन तुळयांमध्ये बोटभर पट्टी घाला म्हणजे वारा फिरेल. वर ताडपत्री, पण बाजू उघड्या. आणि काळ्या मातीच्या शेतात उधई (वाळवी) असणारच. सागाचा आतला गाभा ती सहसा खात नाही, पण कडेचं फिकट कच्चं लाकूड आवडीने खाते. ते आधीच तासून टाका.

रात्रपाळी

हे वाचून इंदूरचा राजवाडा आठवला. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४च्या आगीत मागचा भाग गेला. माझे वडील बघायला गेले होते, सांगायचे की दगड काळा झाला पण उभा राहिला.

हिशेबी_माणूस

तेच म्हणतो. लाकडाचं घर, वर जुनी वायर. मुलं लहान आहेत तुमची.

रात्रपाळी

मी इलेक्ट्रिकचंच काम करतो, म्हणून धाग्याला हाच मुद्दा जोडतो. वाड्यातली एकही वायर, एकही बटण, एकही होल्डर पुढे नेऊ नका. जुन्या वायरचं रबर हात लावला की भुगा होतं. तांबं भंगारात विका, लोहामंडीत चांगला भाव येतो. नवी वायर लाकडाला न टेकवता पाइपातून, मुख्य बोर्डावर एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारी बटणं. अर्थिंग काळ्या मातीत छान होतं, ओल धरते ती. पितळी बटणं आवडली असतील तर आरशाच्या चौकटीला लावा.

ओटीवरची

दारांच्या रंगाबद्दल. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे नव्या घरगुती रंगांवर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, म्हणजे त्याआधीचा प्रत्येक थर संशयित. तो जाळून काढू नका, कोरडा घासू नका. ओल्या पॉलिश पेपरने किंवा रंग काढायच्या लेपाने काढा, खरवड गोळा करून पिशवीत भरा, शेतात टाकू नका. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. हे काम मुलं आजूबाजूला नसताना करा.

सुतारपक्षी

मोलाचं सांगितलंत ओटीवरची. आणि रंगाखाली काय निघतं ते बघाल तेव्हा कळेल. सत्तर-ऐंशी वर्षांच्या सागावर रंधा मारला की पहिल्या दोन धारा राखाडी येतात आणि तिसरी सोनेरी, तेलकट, चामड्यासारखा वास सोडत. रंधा मारण्याआधी चुंबक फिरवा. आत तुटलेला एक खिळा राहिला तर पातं गेलं.

कौलारू

कवेलूंचं उत्तर राहिलं. मंगलोरी कौलं जरूर न्या. आपल्या देशात त्यांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ साली निघाला आणि तेव्हापासून खाचांची पद्धत फारशी बदलली नाही, त्यामुळे फुटलेल्या दहा-वीस कौलांना जोडीदार मिळतात. बोटाने टिचकी मारा, टणत्कार आला पाहिजे. देशी कवेलू माकडांच्या गावात दरवर्षी फेरावे लागतात. सिमरोल-चोरलच्या जंगलाच्या बाजूला माकडं किती आहेत ते तुम्हालाच माहीत.

ते छपराला नको असतील तर फिलर स्लॅबचा विचार करा. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात हे खूप केलं. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागात काँक्रीट फक्त सळईला धरून ठेवतं, भार घेण्यात त्याचा हात नसतो. तिथे सळयांच्या चौकोनांत जुनी कौलं उपडी मांडायची आणि मग काँक्रीट. काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो, आणि उन्हाळ्यात खोली कमी तापते कारण कौलाच्या पोटात हवा राहते. बेकर यांची विटा उभ्या कडेवर लावायची पोकळ भिंतही आहे, रॅट ट्रॅप म्हणतात, तिच्यात विटा साधारण चौथ्या हिश्शाने कमी लागतात.

स्थापत्य_बाबा

पोकळ भिंतीला विटा एका मापाच्या लागतात. हाताने थापलेल्या जुन्या विटा पाव-पाव इंचाने चुकतात, तिथे ती जमणार नाही. साधी नऊ इंची बांधा. फिलर स्लॅब मात्र करा, नव्या सळईचा, आणि सळईचं डिझाइन इंजिनियरकडून काढून घ्या. गावच्या मिस्त्रीला अंदाजाने करू देऊ नका.

पोहेजिलेबी

निकाल! २ किलो ८५० ची वीट चोवीस तासांनी ३ किलो ३१०. म्हणजे ४६० ग्रॅम, सोळा टक्के. आमची वीट पास. आईला तिचा तराजू परत मिळाला.

चुन्याचीडबी

अभिनंदन, वीट आणि आई दोघींचं.

तहसीलवाला

एक वेगळं. वाटणीपत्रात "इमला व साहित्य अमुक यांना" असं लेखी घ्या, चौघांच्या सह्यांनिशी. आज नको म्हणणारा भाऊ ट्रकमध्ये सागवान चढताना बघून उद्या विचारतो. लाकूड वाहून नेताना कुणी अडवलं तर दाखवायला घराची कागदपत्रं आणि फोटो ट्रकमध्ये असू द्या. जंगल खात्याच्या नाक्यावर जुन्या सागाचीही चौकशी होते, आधीच विचारून ठेवा. शेतजमिनीवर घर बांधायची परवानगीही तहसीलीत विचारा, बांधून झाल्यावर नव्हे.

ओटीवरची

आमच्याकडे अगदी हेच झालं. एका सागवानी कपाटावरून दोन भाऊ आठ वर्षं बोलले नाहीत. कपाट मधल्या काळात पडवीत भिजलं.

मालवीमाती

मंडळी, अडीच महिन्यांनी येतोय. माफ करा, हातात मोबाइल धरायला वेळ नव्हता.

वाडा उतरवला. एकोणीस दिवस लागले. सहा मजूर आणि मालगंजातले एक सत्तरीचे सुतारकाका. लेखी घेतलं होतं, तहसीलवाला यांचे पाय धरावे वाटतात, कारण बाराव्या दिवशी एक चुलत भाऊ आलाच.

हिशेबी_माणूस, हा हिशेब तुमच्यासाठी. मजूर ५७,०००. सुतारकाका १७,१००. विटा सोलायला विटेमागे सव्वा रुपया, साबूत ११,४०० विटा, म्हणजे १४,२५०. ट्रकच्या अकरा फेऱ्या ३८,५००. एकूण १,२६,८५०. त्यात न घेतलेले १ लाख १० हजार मिळवले तर २,३६,८५० माझ्या खिशातून गेले असं धरा. समोर काय मिळालं: ११,४०० विटा, नव्या घेतल्या असत्या तर सात रुपयांनी ७९,८००. चौतीस तुळया, नऊ दारं, चौदा खिडक्या, आणि मंगलोरी कौलं सगळ्या छपराला पुरतील इतकी. सियागंजात नव्या सागाच्या फक्त दारं-खिडक्यांचा भाव विचारला, साडेतीन लाखांच्या खाली कुणी बोललं नाही. तुळया अजून मोजल्याच नाहीत.

लोणा लागलेल्या विटा आणि चुन्याचा मलबा जोत्यात भरतोय. बाथरूमचं काँक्रीट नेण्यासारखं नव्हतं, ते मलबा म्हणून देवगुराडियाला पाठवलं.

आता मुख्य गोष्ट. सुतारपक्षी म्हणाले तसं आधी मोजलं. कुजलेली टोकं कापल्यावर तुळया नऊ फूट चार इंच भरल्या, जवळजवळ सगळ्या. दोन्ही भिंतींवर सहा-सहा इंच टेकल्या तर खोलीची रुंदी आठ फूट चार इंच. मी खट्टू होऊन आईला सांगितलं की खोल्या अरुंद होणार. आई म्हणाली, "अरे, हा खण आहे. माजघर पाच खणांचं असतं, स्वयंपाकघर तीन खणांचं. रुंदी कोण बघतो, खण मोज." दोन तुळयांमधला एक गाळा म्हणजे एक खण. मग तिनेच वहीवर रेघा मारल्या. मधे माजघर, पुढे ओटी, दोन बाजूंना दोघा भावांच्या तीन-तीन खणी खोल्या. नव्या आर्किटेक्ट मुलीने ती वही तशीच समोर ठेवून नकाशा काढला. ११०० चौरस फूट, भार भिंतींवर, कॉलम नाहीत. ठेकेदाराचा आकडा १३ लाख ४०.

हिशेबी_माणूस

हिशेब नीट मांडलात. मी माझं मत बदलतो, एका अटीवर: तुमच्याकडे स्वतःचं मोठं घर होतं म्हणून हे जमलं. बाजारातून सुटं जुनं सामान गोळा करणाऱ्याला यातलं अर्धंही मिळणार नाही, आणि माझ्या सासऱ्यांचं तेच झालं. पण तुमच्या बाबतीत मी चूक होतो. १३.४० आणि १२ मधली फट कशी भरणार?

मालवीमाती

भाऊ आणि मी रविवारी स्वतः विटा लावतोय, आणि गिलावा आतून या वर्षी नाही. चुन्याचा हात मारून राहायला जाऊ.

सुतारपक्षी, तुम्हाला एक विचारायचंय. तुळयांवर मी खडूने नंबर घालत होतो तर सुतारकाका हसले आणि टोक पुसून दाखवलं. खाली पटाशीने मारलेल्या रेघा. खांबाच्या डोक्यावर एक रेघ, त्यावर बसणाऱ्या तुळईला एक रेघ. दोनला दोन. तीनला तीन. पणजोबांच्या सुताराने जोड्या लावून ठेवल्या होत्या. सात जोड्या जुळल्या. आठ रेघांची तुळई आहे, आठ रेघांचा खांब नाही. सगळे खांब तीनदा पुसून बघितले.

सुतारपक्षी

एखादा खांब मधल्या काळात बदलला असणार. वेगळ्या लाकडाचा खांब शोधा. मोरीजवळ किंवा जिन्याखाली बघा, पाणी तिथेच मुरतं.

लष्करवाले_नाना

मोरी. पैज लावतो मोरीच.

मालवीमाती

मोरीच. शेजारचा खांब सागाचा नाही, जड, लालसर, खाली सिमेंटचा ठोकळा. त्यावर रेघ एकही नाही. बाकी सातांखाली दगडी तळखडे आहेत. आई म्हणते ती लग्न होऊन आली त्या वर्षी आजोबांनी तो बदलला होता, मोरीचं पाणी आत मुरून बुडखा गेला होता. तळखडा त्या वेळी काढून तुळशीपाशी ठेवला, त्यावर ती इतकी वर्षं पाण्याचा तांब्या ठेवत आली.

आज तो तळखडा धुऊन ट्रकमध्ये घातला. खांब नवा करायचाय. सुतारकाका म्हणतात, आठ रेघा तूच मार, पटाशी देतो.

पोहेजिलेबी

आणि झोपाळ्याच्या कड्या?

मालवीमाती

चारही आहेत. राखेने घासून ठेवल्यात. पाचव्या खणात लावायच्या.